पेळूची साक्ष

रविवारी सकाळी हेमांगी आईला फोन करायची, आणि आईचं फोनवरचं पहिलं वाक्य कधीच तिच्यासाठी नसायचं. ते भाजीवाल्यासाठी असायचं, कुकरसाठी असायचं, नाहीतर स्वयंपाकघरातल्या भिंतीसाठी. अमळनेरच्या त्या घरातली भिंत गेल्या वर्षापासून बोलायला लागली होती. दूध उतू जातंय, गॅस मोठा आहे, आज उन्हात जाऊ नका, असं काहीबाही ती सांगायची, आणि आई तिला आठवीच्या वर्गातल्या मुलासारखी दटावायची.

त्या रविवारचं वाक्य मेथीवाल्यासाठी होतं. जुडी कालची आहे, आणि कालचीसुद्धा कालची नाही, परवाची आहे, असं त्याला ऐकवून झाल्यावर आई फोनवर आली.

"हं, बोल. जरा नीट बोल, हे चालू आहे."

हे म्हणजे शाळेने दिलेलं रेकॉर्डर. सुपारीच्या डबीएवढं. ते तिने पदराला पिनेने लावलं होतं. आई म्हणजे शाळेच्या कुमुद बडगुजर बाई. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण आठवीचा वार्षिक खटला अजून त्यांचाच होता. दरवर्षी मुलं अद्भुत कथांमधल्या एखाद्या पात्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची. कधी राक्षस, कधी उडत्या गालिचाचा मालक, कधी शाप देऊन पसार झालेला ऋषी. शेवटचा आणि सगळ्यात मोठा खटला मात्र ठरलेला: बाईंनी स्वतः रचलेल्या गोष्टीतली चेटकीण, बोंडाई.

गोष्ट अशी. बोंडाईला मूलबाळ नव्हतं. तिने कापूस वळून एक मुलगी केली आणि तिचं नाव ठेवलं पेळू. पण कापसाच्या मुलीला वाऱ्याची भीती. म्हणून बोंडाईने उफणगावातला सगळा वारा रांजणात कोंडला आणि वर झाकण लावलं. गावात पान हलेना. खळ्यावरचं धान्य उफणता येईना, पतंग उडेनात, उकाड्याने माणसं हैराण झाली. मग एका सकाळी रांजण फुटलेला सापडला, वारा सुटला आणि पेळू उडून गेली. रांजण कुणी फोडला, ते गोष्टीत नव्हतं. त्यावर इतकी वर्षं मुलं भांडत आली होती.

"माझी एक अडचण झालीय," आई म्हणाली. "पेळूच्या तोंडी एकही वाक्य नाही गं. इतकी वर्षं गोष्ट सांगतेय आणि माझ्या लक्षातच आलं नाही. यंदा मुलं तिची साक्ष मागणार. ती काय म्हणेल, सांग ना. तू एवढी पुस्तकं वाचतेस."

हेमांगी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत संपादक होती. दुसऱ्यांची वाक्यं कापणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. स्वतःची वाक्यं ती तोंडाबाहेर पडायच्या आधीच कापायची.

"बघते," ती म्हणाली.

"खटल्याला येशील?"

"बघते."

"जेवलीस का?"

सकाळचे दहा वाजले होते आणि हेमांगीने चहासुद्धा घेतला नव्हता. "हो," ती म्हणाली. "बरं, ठेवते."

"हो हो, ठेव. माझीही भांडी पडलीत."

दर रविवारी फोन असाच संपायचा. आईची भांडी कायम पडलेली असायची. एकट्या बाईकडे एवढी भांडी निघतात तरी कशी, असं हेमांगीला वाटायचं, आणि फोन ठेवताना कुणीतरी हळूच दाराबाहेर काढल्यासारखंही वाटायचं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी पहाटे, आई झोपेतच गेली.

---

हेमांगी रडली नाही. दिवसवार झाले, भेटायला येणारे येऊन गेले, आणि ती सगळ्यांना पाणी देत राहिली. सांत्वनाचे निरोप शेकड्याने आले. 'त्यांची उणीव कायम भासतच राहील' असा एक निरोप वाचताना 'कायम' आणि 'राहील' यातलं एक पुरे, असं तिच्या मनात आलं. तिने मनातल्या मनात 'कायम' खोडला. मग निरोप पुन्हा वाचला आणि तो शब्द जागेवर ठेवला.

महिनाभराने मुख्याध्यापक खैरनार सरांचा फोन आला. ते स्वतः बाईंचे विद्यार्थी. गृहस्थ पन्नाशीचे, पण बाईंचं नाव घेताना आवाज सातवीतल्या मुलाचा व्हायचा. ते म्हणाले, खटला करायचा की नाही हे तुम्ही सांगायचं. मुलं तयार आहेत, पात्रपेटीही तयार आहे, पण पेटीत थोडी गडबड झालीय. तुम्ही येऊनच बघा.

पात्रपेटी शाळांमध्ये नुकतीच आली होती. तिला एखादी गोष्ट ऐकवली की ती त्यातल्या पात्राला बोलतं करायची. पेटीत कुणी बसलेलं नसतं हे मुलांनाही ठाऊक होतं. पेटी आधी त्या पात्राने गोष्टीत काय पाहिलं, काय ऐकलं, काय केलं, याचा नकाशा बनवायची. प्रश्न त्या नकाशावर बसला तर उत्तर तिथून यायचं आणि पेटीवरचा हिरवा दिवा लागायचा. गोष्ट जिथे गप्प असेल तिथे पेटी गोष्ट सांगणाऱ्याच्या बोलण्याची वळणं धुंडाळायची. हा माणूस अशा जागी बहुधा काय म्हणतो, कशापुढे काय येतं, कशानंतर गप्प बसतो, यावरून ती अंदाज बांधायची. तेव्हा पिवळा दिवा लागायचा. हिरवा म्हणजे गोष्टीतलं, पिवळा म्हणजे अंदाजाचं. ज्या पात्राला गोष्टीत एकही वाक्य नसे, त्याला मात्र ती बोलतं करू शकत नसे. आवाज मात्र कारखान्यातून आलेला, सगळ्या पेट्यांना एकच. गेलेल्या माणसाचा आवाज यंत्राला द्यायला तोवर कायद्याने बंदी आली होती.

गडबड बाईंच्या एका तत्त्वामुळे झाली होती. पेटीला गोष्ट ऐकवण्यासाठी बाईंना जे रेकॉर्डर दिलं होतं, त्याच्यासोबतच्या पत्रकात लिहिलं होतं की गोष्ट सांगून झाली की बटण दाबून रेकॉर्डर बंद करावं. पण चालू असलेल्या वस्तूला हात लावू नये, हे बाईंचं आयुष्यभराचं धोरण होतं. त्यांनी फ्रिजही कधी बंद केला नव्हता. रेकॉर्डर पदराला लागलं ते लागलंच. त्यात गोष्ट होती, मेथी होती, भिंतीशी झालेली भांडणं होती, खैरनार सर दोनदा चहाला आले होते ते होतं आणि रविवारचे फोनही होते.

"पेटीला गोष्ट कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं ते कळलंच नाही," शाळेच्या कार्यालयात खैरनार सर सांगत होते. "कारण बाई गोष्टही घरच्यासारखीच सांगायच्या. मध्येच म्हणायच्या, खिडकी लाव. त्यामुळे पेटीने ते सगळंच बोंडाईचं आयुष्य धरलंय."

"म्हणजे बोंडाई मेथी घेते?"

"घासाघीस करून." सरांनी घसा साफ केला. "आणि तिच्या हिशेबाने बोंडाईला दोन मुली नाहीत, एकच आहे. पेळू पुण्याला असते, पुस्तकं तपासते आणि रविवारी फोन करते."

सरांनी घाईघाईने सांगितलं की वारस म्हणून तुम्ही म्हणाल ते सगळं गाळता येईल. एकदा गाळलं की ते परत येत नाही, एवढंच. रविवारचा भाग तर तसाही अर्धा रिकामाच आहे. फोन ठेवल्याचा आवाज येतो आणि मग बराच वेळ काहीच नाही. ना पाणी, ना भांडी. कंपनीच्या माणसाला वाटलं रेकॉर्डर बिघडलं असेल, पण तपासलं तर ठणठणीत होतं.

गाळण्याचं काम हेमांगीच्या हातचं होतं. आईच्या स्वयंपाकघरातलं बोलणं आठवीच्या पन्नास पोरांपुढे वाजावं, हे तिला मुळीच नको होतं. ती तसं म्हणणारच होती, तेवढ्यात दारात एक दोन वेण्यांची मुलगी येऊन उभी राहिली. ही कृष्णाई महाजन, बचाव पक्षाची वकील. ती म्हणाली, ताई, गाळायचं तर गाळा, पण खटला झाल्यावर गाळा. नाहीतर माझ्या अशिलाला बोलताच येणार नाही.

हेमांगीने विचार केला, एक सकाळ ऐकू. मग सगळंच काढून टाकू.

---

सभागृहात पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि तरीही उकडत होतं. पिंजरा म्हणजे उलटे करून ठेवलेले दोन बाक. त्यात स्टुलावर पेटी, आणि चेटकीण म्हणून कुणीतरी तिच्यावर काळी ओढणी टाकलेली. न्यायाधीशाच्या खुर्चीत तन्मय सोनवणे बसला होता. वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलाला न्यायाधीश करायचं, हा बाईंचा नियम होता. निकाल देईपर्यंत न्यायाधीशाला एक शब्द बोलता येत नसे, आणि त्याला निदान वर्षातून एकदा ऐकण्याची शिक्षा व्हावी, असं बाईंचं म्हणणं असे. तन्मय ओठ गच्च मिटून बसला होता. त्याच्यापुढे दोन पाट्या होत्या, 'मान्य' आणि 'अमान्य'.

शपथही बाईंचीच. सरकारी वकील रेहान तडवीने ती वाचली आणि पेटीने मागून म्हटली: मी कल्पनेची शपथ घेऊन सांगते की गोष्टीत नसलेलं सांगेन, पण खोटं सांगणार नाही.

रेहानने जोरात सुरुवात केली. वारा कोंडला हे खरं का? खरं, बोंडाई म्हणाली. हिरवा दिवा. गावाचं धान्य उफणता आलं नाही, हे खरं का? तेही खरं, पण घरोघरी सुपं होती, पाखडायला काय धाड भरली होती? पिवळा दिवा. सभागृह हसलं. कारखान्यातल्या त्या सपाट, गुळगुळीत आवाजात हे वाक्य इतकं विचित्र वाटलं की हेमांगीलाही ओठ दाबावे लागले.

"तुम्हाला गावाची दया आली नाही?" रेहानने विचारलं.

"येते ना. पण गाव काही मी माझ्या हाताने वळलेलं नाही. तुझा आवाज असा का येतोय? जेवला नाहीस?"

रेहान गडबडला. त्याने कबूल केलं की खटल्याच्या धाकाने सकाळपासून काही खाल्लं नाही. आरोपीने त्याला आधी खाऊन यायला सांगितलं. रेहानने न्यायाधीशाकडे पाहिलं आणि न्यायाधीशाने 'मान्य'ची पाटी उचलली. कामकाज थांबलं. सरकारी वकिलाने आरोपीच्या हुकमाने दोन केळी खाल्ली आणि उलटतपासणी पुढे सुरू झाली, पण त्यातली धार गेली होती.

मग तो आरोपीच्या चारित्र्यावर घसरला. बोंडाई गावात कुणाशीच नीट वागत नसे, हे सिद्ध करायला त्याने विचारलं की तुमच्याकडे कधी कुणी पाहुणा तरी यायचा का?

"खैरनार यायचा," पेटी म्हणाली. "आलाय का तो?"

खैरनार सर पहिल्या रांगेत होते. ते काही कळायच्या आत उभे राहिले होते. "हो, बाई."

"अर्धा चहा कपात ठेवतोस. आवडत नाही तर सांगावं, मी साखर कमी केली असती. बस खाली."

सर बसले. मागच्या रांगेतली मुलं हसू आवरेना म्हणून बाकाखाली गेली होती. न्यायाधीशाने 'अमान्य'ची पाटी तोंडात धरली होती. खैरनार सरांनी रुमाल काढून आधी कपाळ पुसलं आणि मग डोळे.

हेमांगी सवयीने मनात खुणा करत होती. मेथी गाळायची. सूप गाळायचं. केळी, चहा, खैरनार सर, सगळं. मग उरेल ती बोंडाई वाचून पाहावी म्हणून ती थांबली. उरत होती एक बाई, जिने वारा रांजणात कोंडला. अशा चेटकिणी हेमांगीने पुस्तकांतून ढिगाने वाचल्या होत्या. सगळ्यांची नाकं लांब, सगळ्यांचे आवाज घोगरे, आणि एकीनेही कधी सरकारी वकिलाला जेवायला पाठवलं नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकल्यासारखं केलं. एक 'ना' जास्त होता. तो तिने राहू दिला.

आता कृष्णाई उठली. तिने ओढणी सारखी केली, स्वतःची नाही, पेटीची.

"बोंडाई, रांजण कुणी फोडला?"

दरवर्षीचा प्रश्न, आणि दरवर्षी बाई त्यावर नुसत्या हसून फळा पुसायला लागायच्या. मग पिवळा दिवा लागला.

"मीच फोडला."

"का?"

"ती दिवसभर खिडकीत उभी असायची. मागायची काही नाही. रांजणाकडे बघायचीसुद्धा नाही. मुद्दाम बघत नाही म्हणजे किती बघावंसं वाटत असेल, ते कळतं. मग मीच वरवंटा घेतला."

"ती उडून गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"आत गेले. म्हटलं, भांडी पडलीत."

"खरंच पडली होती?"

"नाही. पण बाहेर थांबले असते तर हात धरला असता."

हेमांगीला एकदम एसटी स्टँड आठवलं. पुण्याच्या कॉलेजात जायचा तो दिवस. जायचं आईनेच ठरवलं होतं, बॅगही आईनेच भरली होती. गाडी सुटायच्या आधीच तिने बॅग हातात दिली, भांडी पडलीत म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली. खिडकीशी बसलेली हेमांगी तिच्या पाठीकडे बघत राहिली होती, आणि आपण घरातून जावं हेच आईला हवं होतं, असं तिने तेव्हा जे मनाशी धरलं ते धरलंच.

पेटीला स्टँडची गोष्ट ठाऊक असणं शक्य नव्हतं. दिवा पिवळा होता. तो अंदाज होता, चुकूही शकतो असा. पण तो अंदाज ज्यावरून बांधला होता तो रविवारचा फोन हेमांगीला ठाऊक होता. फोन ठेवल्यानंतरची ती लांब शांतता. ना पाणी, ना भांडी. रेकॉर्डर ठणठणीत होतं. भिंतीलाही काही न बोलता आई तिथे नुसती बसलेली होती.

रेहानने हरकत घेतली. पिवळा दिवा हा पुरावा नाही, तो म्हणाला, आणि ते अगदी बरोबर होतं. आरोपी स्वतःच्या सोयीचं बोलतेय. उडून गेलेल्या मुलीने येऊन सांगितलं तरच हे मानता येईल. न्यायाधीशाने 'मान्य' दाखवली.

"पेळूला बोलवा," कृष्णाई म्हणाली.

पेटीतून तोच गुळगुळीत आवाज आला, पण आता बोंडाईचा नसलेला. "या पात्राला एकही वाक्य दिलेलं नाही." कुठलाच दिवा लागला नाही.

रेहानने हात पसरले. कृष्णाई मात्र जागची हलली नाही. तिने न्यायालयाला बाईंचा आणखी एक नियम सांगितला: ज्या पात्राला गोष्टीत बोलता येत नाही, त्याच्या वतीने श्रोत्यांपैकी कुणीही उभं राहू शकतं, शपथ घेतली म्हणजे झालं. मग ती तिसऱ्या रांगेकडे वळली.

"ताई, तुम्ही याल?"

खैरनार सरांनी मागे वळून हळूच विचारलं, सांगू का तिला नको म्हणून? आणि ते गाळायचंही सांगून टाकतो, आजच करून घेऊ. हेमांगीने मान हलवली. सरांना कळेना की ती कशाला नाही म्हणतेय.

"काहीच गाळू नका," ती म्हणाली आणि उठली.

बाकांच्या मधून जाताना सगळ्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या. पिंजऱ्याच्या जवळ ती उभी राहिली. कृष्णाई एकेक शब्द सांगत गेली आणि हेमांगी म्हणत गेली: मी कल्पनेची शपथ घेऊन सांगते की गोष्टीत नसलेलं सांगेन, पण खोटं सांगणार नाही. शपथेत तिला एकही शब्द खोडण्यासारखा सापडला नाही.

"पेळू," कृष्णाई म्हणाली, "तुला काय म्हणायचंय?"

हेमांगीच्या तोंडात 'बघते' तयार होतं. नेहमीचं, हाताशी असलेलं. तिने ते येऊ दिलं नाही. तन्मय पुढे झुकला होता. पंख्याच्या वाऱ्याने पेटीवरची ओढणी हलत होती.

पेटीचा पिवळा दिवा लागला. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"जेवलीस का?" बोंडाईने विचारलं.

"नाही," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "नाही जेवले, आई. मला तुझी आठवण येते. गाडी सुटली तेव्हापासून येते."